काही नाही होत ना भाऊ!

समजा, चंद्रपूरच्या बाबूपेठेत वाढलेला एक मुलगा. नागपूरला इंजिनिअरिंग झालं, आता जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी. पोर्शेचं मुख्यालय याच शहरात आहे, त्यामुळे रस्त्यावर भारी गाड्या रोज दिसतात. दोन वर्षं पैसे साठवून त्याने जुनी का होईना, पण स्पोर्ट्‌स कार घेतली. गाडीला उन्हाळी टायर आहेत. नोव्हेंबर संपत आला, सकाळी पारा 3-4 अंशांवर येतो. टायर बनवणारे सांगतात की साधारण 7 अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचा संच घ्यायचा तर मोठा खर्च. हा विचार करतो: बर्फ तर पडलेलं नाही, रस्ता कोरडा आहे, दहा किलोमीटर तर जायचंय. तो जातो आणि संध्याकाळी सुखरूप परत येतो. असं आठवडाभर चालतं.

त्याने काही चूक केली का?

कायद्याला विचारलं तर उत्तर देशागणिक बदलेल. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवराचा थर असेल तरच हिवाळी टायर सक्तीचे आहेत. कोरड्या थंड रस्त्यावर नाहीत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मात्र 1 डिसेंबर ते 15 मार्च ते लावावेच लागतात, बर्फ असो वा नसो. एक कायदा म्हणतो रस्त्याकडे बघ, दुसरा म्हणतो कॅलेंडरकडे बघ. पण आपला प्रश्न कायद्याचा नाही. काहीच घडलं नाही, कोणाला खरचटलंही नाही, तरीही एखाद्या गोष्टीला 'वाईट वागणं' म्हणता येतं का, हा प्रश्न आहे. बाबूपेठेत याचं उत्तर तयार असतं. गाडीला किक मारता मारता ते दिलं जातं: "काही नाही होत ना भाऊ!"

हा लेख त्या पाच शब्दांबद्दल आहे.

चार तळहात

आधी टायरबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

चारचाकी गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेवढ्या जागेत टेकतो, ती जागा साधारण आपल्या तळहाताएवढी असते. दीड-दोन टनांची गाडी, आत बसलेली माणसं, डिकीतलं सामान हे सगळं चार तळहातांवर चाललेलं असतं. गाडी थांबते, वळते, वेग घेते ते या चार तळहातांनी रस्ता धरून ठेवल्यामुळे. इंजिन कितीही ताकदवान असो, ब्रेक कितीही महाग असोत, शेवटची गाठ रबर आणि डांबर यांच्यातच पडते.

रबर हा मोठा मजेशीर पदार्थ आहे. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत कडक. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाला रबरात गंधक मिसळून तापवण्याची युक्ती सापडली आणि रबर बरंच स्थिर झालं. या प्रक्रियेचं नाव आजही आपल्या रस्त्यांवर दिसतं. मूल, आष्टी, आलापल्ली, कुठल्याही नाक्यावर पंक्चरच्या टपरीवर रंगवलेलं 'व्हल्कनायझिंग' वाचलं असेल, तेच ते. पण स्थिर झालं म्हणजे हवामानाचा परिणाम संपला असं नाही. रबराच्या प्रत्येक मिश्रणाचा आपला एक तापमानाचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात ते रस्त्याच्या बारीक खडबडीत दाबून बसतं. पट्ट्याच्या खाली गेलं की ते ताठ होतं, आणि फार थंडीत काही स्पोर्ट्‌स टायरच्या रबराला तडेही जाऊ शकतात.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडीत वेगाचा काटा असतो, पेट्रोलचा काटा असतो, पण पकडीचा काटा नसतो. सरळ रस्त्यावर बेताने चालताना टायरच्या एकूण पकडीतला लहानसा हिस्साच वापरला जातो. उरलेली पकड आहे की नाही, हे करकचून ब्रेक मारावा लागतो त्या क्षणीच कळतं. म्हणजे गुळगुळीत झालेला टायर आणि नवा टायर यांच्यातला फरक शंभर दिवसांतले नव्व्याण्णव दिवस जाणवणारच नाही. "दहा वर्षं चालवतो, कधी काही झालं नाही" असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. पण त्या दहा वर्षांत त्याच्या टायरची परीक्षा झालीच नसेल, तर त्याच्याकडे निकाल कुठून आला?

कोरड्या दिवसांची शिकवणी

आपल्याकडे थंडी नाही असं नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात 3.5 अंशांची नोंद झाली होती आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातली जानेवारीची पहाट चांगलीच बोचते. पण ते थोड्या रात्रींचं काम. आपल्याकडे टायर आणि ऋतू यांचं भांडण होतं ते मे महिन्यात आणि मग जूनच्या पहिल्या पावसात.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पुढे जाणं ही बातमी राहिलेली नाही. 47-48 झाला तर मोबाइलवर स्क्रीनशॉट फिरतात. डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. अशा वेळी एक सल्ला सर्रास मिळतो: "हवा कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल." ऐकायला बरोबर वाटतं, कारण हवा तापली की प्रसरण पावते हे शाळेत शिकलेलं असतं. प्रत्यक्षात हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि त्या दुमडण्यानेच टायर आतून आणखी तापतो. गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त माल असेल तर तेच घडतं. म्हणून कंपनीने सांगितलेली हवा, आणि तीही टायर थंड असताना मोजलेली, हा नियम उन्हाळ्यातही तोच राहतो.

पहिल्या पावसाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. टायर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेलं पाणी बाहेर फेकायला त्या असतात. कोरड्या स्वच्छ रस्त्यावर फेकायला पाणीच नसतं, त्यामुळे तिथे खाचांचं काम पडत नाही. मोटार शर्यतीत कोरड्या ट्रॅकवर मुद्दाम बिनखाचांचे टायर लावतात ते याचसाठी. याचा अर्थ, घासून गोटा झालेला टायर ऑक्टोबरपासून मेपर्यंत आपल्या रस्त्यांवर जवळपास तक्रारीविना चालू शकतो. पंक्चर जास्त होतील, पण पकडीबद्दल शंका येणार नाही. उलट दर महिन्याला विश्वास वाढत जाईल. मग जूनमध्ये पहिली सर येते. महिनोन्‌महिने रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येऊन निसरडा थर होतो, टायरखालचं पाणी बाहेर जाऊ शकत नाही, गाडी क्षणभर पाण्यावर तरंगते आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. आठ महिन्यांच्या कोरड्या दिवसांनी जे शिकवलं, ते त्या एका क्षणी चुकीचं ठरतं.

चंद्रपूरहून मूलकडे निघालं की लोहारा ओलांडल्यावर रस्ता जंगलात शिरतो. इथे पकड लागेल ती वेळ चालक ठरवत नाही. ती चितळ ठरवतो, रानडुक्कर ठरवतो, वळणावर सायकल घेऊन उभा असलेला माणूस ठरवतो.

जहाजाचा मालक

1877 मध्ये विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 'द एथिक्स ऑफ बिलीफ' हा निबंध लिहिला. त्याच्या सुरुवातीला एक गोष्ट आहे. एका माणसाचं जुनं जहाज असतं. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं घेऊन ते निघणार असतं. जहाज अनेकदा दुरुस्त झालंय, लाकूड थकलंय, हे मालकाला ठाऊक असतं. नीट तपासणी करावी लागेल, खर्च येईल, या विचाराने तो अस्वस्थ होतो. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतकी वादळं या जहाजाने झेलली, हेही झेलेल. एवढ्या बायकापोरांना देव वाऱ्यावर सोडेल का? कारागिरांवर उगाच संशय कशाला घ्या? हळूहळू त्याला मनापासून वाटायला लागतं की जहाज ठणठणीत आहे. तो आनंदाने निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडतं आणि मालक विम्याचे पैसे घेतो.

हा माणूस दोषी आहे हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. क्लिफर्डची खरी गंमत पुढे आहे. तो म्हणतो, समजा जहाज बुडालंच नाही. याच नव्हे, पुढच्या अनेक सफरीही सुखरूप झाल्या. मग मालकाचा दोष कमी होतो का? क्लिफर्डच्या मते तसूभरही नाही. कारण दोष जहाज बुडण्यात नव्हता. जो विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता तो त्याने बाळगला, यात होता. तपासणीने येणारा विश्वास त्याने शंका दाबून मिळवला.

आता ही गोष्ट जहाज काढून वाचा. ट्रॅव्हल्सची बस, कोळशाचा ट्रक, वडाप करणारी जीप, मुलांना शाळेत सोडणारी व्हॅन. "टायर अजून एक सीझन काढेल." हे वाक्य म्हणणाऱ्याने टायरकडे वाकून पाहिलंय का? तिथेच क्लिफर्डचं बोट पडतं. पाहून, मोजून, विचारून तो तसं म्हणत असेल तर तो अंदाज आहे, आणि अंदाज चुकू शकतो. पाहायचं टाळण्यासाठी म्हणत असेल तर ते स्वतःला दिलेलं गुंगीचं औषध आहे.

आणि पाहणं किती सोपं आहे! टायरच्या खाचेत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. भारतात कारच्या टायरच्या खाचा किमान 1.6 मिलिमीटर खोल असायला हव्यात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की ती मर्यादा संपली. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. '2319' म्हणजे 2019 सालातला 23 वा आठवडा, टायरची जन्मतारीख. मोबाइलचा टॉर्च लावून दोन मिनिटांत हे होतं.

रबरी कडी

रबर आणि थंडी यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मात्र गाडीची नाही. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. यानाला जोडलेल्या रॉकेटचे भाग एकमेकांना जिथे जोडले जात, तिथे आतला तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबरी कड्या होत्या. त्या सकाळी फ्लोरिडात तापमान 2 अंशांच्या आसपास होतं. थंडीने कडी ताठ झाली, सांधा वेळेवर बंद झाला नाही. नंतर चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि काढून दाखवला. रबर लगेच मूळ आकारात येईना.

रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं की एवढ्या थंडीत उडवू नका. याआधीचं सगळ्यात थंड उड्डाण 12 अंशांच्या सुमाराला झालं होतं आणि त्यातही कड्यांना इजा झालेली दिसली होती. पण यान परत आलं होतं. डायन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या निर्णयावर 1996 मध्ये मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की तिथे कोणी खलनायक नव्हता. दरवेळी थोडी इजा दिसली, दरवेळी यान सुखरूप परतलं, आणि दरवेळी 'एवढं चालतं' याची रेघ थोडी पुढे सरकली. धोक्याची खूण हीच नेहमीची गोष्ट झाली.

विदर्भात या सगळ्या सिद्धांताला एक शब्द आहे: "चालते." हा शब्द मुळात वाईट नाही. तुटपुंज्या साधनांत संसार रेटणाऱ्या माणसांचा तो शब्द आहे. तारेने बांधलेला सायलेन्सर चालते, ट्रिपल सीट चालते, चार ठिगळांची ट्यूब चालते. पण 'चालते' म्हणजे 'आजवर चाललं' इतकंच. 'उद्या चालेल' हे त्यातून निघत नाही, आणि उद्याचं हवामान वेगळं असेल तर मुळीच नाही.

फुटला की फोडला?

आपली भाषाही या कामात मदत करते. अपघातानंतर आपण काय म्हणतो? टायर फुटला. गाडी घसरली. ब्रेक लागला नाही. पाणी वाढलं. या वाक्यांत माणूस कुठे आहे? मराठीत 'फुटणे' आणि 'फोडणे' अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. पेला खाली पडला की लहान मूल "फुटला" म्हणतं आणि आई "फोडलास" म्हणते. व्याकरणातल्या अकर्मक-सकर्मक या फरकात नीतिशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम आहे. टायरच्या बाबतीत आपण सगळे लहान मूल असतो. आणि 'काही नाही होत' यातही 'होणे' हेच बिनकर्त्याचं क्रियापद आहे. होणारं आपोआप होतं, न होणारंही आपोआप होत नाही.

1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि 25 प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटला, असं सुरुवातीला सांगितलं गेलं. परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालाने मात्र ती शक्यता नाकारली. त्या अपघाताचा निवाडा करण्याची ही जागा नाही. लक्षात घ्यायचं ते एवढंच, की 'टायर फुटला' हे स्पष्टीकरण आपल्याला किती पटकन पुरतं. टायर फुटला म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात. कोणता टायर, किती जुना, किती हवा, किती वेग, शेवटचा कोणी कधी पाहिला, हे कोणी विचारत नाही. वीज पडावी तसा टायर फुटतो.

टायर कोणाचा?

इथवर वाचून चिडलेला एखादा वाचक म्हणेल, हे सगळं पोट भरलेल्यांचं तत्त्वज्ञान आहे. स्टुटगार्टच्या पोराला दुसरा संच घेता येतो. घुग्घुस-वणीकडे कोळसा वाहणाऱ्या किंवा एटापल्लीकडून लोहखनिज आणणाऱ्या ड्रायव्हरने काय करायचं?

आक्षेप बरोबर आहे, आणि त्याने युक्तिवाद मोडत नाही, उलट नेमका होतो. दहा चाकी ट्रकचे सगळे टायर बदलायचे तर खर्च लाखांत जातो. ते टायर ड्रायव्हरचे नसतात. केबिनमध्ये जो बसतो त्याने टायर निवडलेला नसतो, आणि ज्याने निवडला तो केबिनमध्ये नसतो. क्लिफर्डच्या गोष्टीतही मालक किनाऱ्यावर होता. म्हणून धोक्याबद्दल चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: धोका घ्यायचं कोण ठरवतं? फायदा कोणाला होतो? भोगतं कोण? आणि नाही म्हणायची सोय कोणाला आहे? स्टुटगार्टच्या पोरात पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. तो स्वतः. भोगायला मात्र त्याच्यासोबत समोरून येणारा कोणीही असू शकतो. ट्रकच्या बाबतीत ही चार उत्तरं चार माणसांत विखुरलेली असतात, आणि दोष त्या प्रमाणात वाटला पाहिजे. 2024 च्या जानेवारीत पहिले दोन दिवस ट्रकचालकांनी भारतीय न्याय संहितेतल्या 'हिट अँड रन'च्या कडक तरतुदीविरुद्ध संप केला, पंपांवर रांगा लागल्या. त्या वेळी शिक्षा किती वर्षांची असावी यावर पुष्कळ बोललं गेलं. टायर कोणी विकत घ्यायचा यावर फारसं नाही.

आता आणखी अवघड उदाहरण. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद झाल्याची बातमी वर्षानुवर्षं वाचत आलोय. समजा, कळा सुरू झालेली बाई आहे, पुलावर गुडघाभर पाणी आहे आणि दवाखाना पलीकडे आहे. जीपवाला म्हणतो, "काही नाही होत, बसा." हे वाक्य आणि स्टुटगार्टमधलं वाक्य शब्दाला शब्द सारखं असलं तरी एकच आहे का? क्लिफर्डला 1896 मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने उत्तर दिलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काही निवडी टाळताच येत नाहीत. थांबणं हीसुद्धा तिथे एक निवड असते आणि तिचीही किंमत असते. अशा वेळी पुरेसा पुरावा नसताना विश्वास टाकून पाऊल उचलावं लागतं, आणि त्याला गुन्हा म्हणता येत नाही. पुलावरचा जीपवाला जेम्सचा माणूस आहे. त्याला धोका दिसतो, तो नाकारत नाही, बाईला धीर देण्यासाठी बोलतो. जहाजाच्या मालकाला मात्र थांबता येत होतं. त्याला फक्त खर्च वाचवायचा होता.

आणि मग त्या पुलाकडेही बघावं लागतं. 28 सप्टेंबर 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नांदेडहून नागपूरकडे निघालेली एसटी पुराच्या पाण्यात वाहून गेली, माणसं दगावली. पाण्यात बस घालायला नको होती हे खरं. पण दरवर्षी पाण्याखाली जाणारा बुटका पूल म्हणजे काय? कोरड्या आठ महिन्यांसाठी केलेली वस्तू, जी उरलेले चार महिनेही वापरायला लावली जाते. तोही एक उन्हाळी टायरच. फरक इतकाच, की तो बदलणं जीपवाल्याच्या किंवा एसटीच्या चालकाच्या हातात नसतं.

नशिबाचा वाटा

शेवटचा पेच उरतो. दोन माणसं एकाच संध्याकाळी तसेच गोटा टायर घेऊन, त्याच वेगाने मूलच्या रस्त्याने जातात. एकासमोर कोणी येत नाही. दुसऱ्यासमोर एक पोरगं येतं. पहिला घरी जाऊन जेवतो. दुसऱ्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि जन्मभर न जाणारी एक रात्र. दोघांनी केलं तेच. फरक नशिबाने पाडला. थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये याला 'मॉरल लक' असं नाव दिलं. नेगेलच्या निबंधात ब्रेक तपासायचे राहिलेल्या ट्रकचालकाचंच उदाहरण आहे.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. अल्पवयीन चालकाला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली आणि सगळा महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्यच होता. पण ती दुचाकी दोन मिनिटं आधी पुढे निघून गेली असती तर त्या गाडीची बातमी झाली नसती, आणि आपल्यापैकी कोणीही संतापलं नसतं. आपला संताप परिणामाला जागतो. धोक्याला तो झोपलेला असतो.

मला वाटतं, इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की गुंता बराच सुटतो. एक, चुकीचं वागणं. दुसरी, त्यातून येणारं देणं. वागणं दोघांचं सारखंच चुकीचं होतं, आणि ते गाडी सुरू केली त्या क्षणीच पूर्ण झालं होतं. तपासता येत असताना तपासलं नाही, आणि ज्यांना विचारलं नाही त्यांच्या जिवावर पैज लावली. देणं मात्र वेगळं आहे. ज्याच्या हातून जीव गेला तो जे देणं लागतो ते कधी फिटणारं नाही. पण म्हणून सुखरूप परतलेल्याचं देणं शून्य होत नाही. तो पैज जिंकलाय, आणि ती पैज लावायचा हक्क त्याला नव्हता. त्याने निदान पुन्हा ती लावू नये. नशिबाने दिलेली सवलत म्हणजे निर्दोष असल्याचा दाखला नाही.

यातून घाबरून गाडी घरी ठेवावी असं निघत नाही. धोका शून्य करता येत नाही आणि शून्य करण्याच्या नादात जगताही येत नाही. सदैव भीतीत चालवणारा माणूसही रस्त्यावर काही फार भला नसतो. मागणी लहान आहे. 'काही नाही होत' हे वाक्य ओठावर आलं की त्याचे दोन प्रश्न करायचे: काय होऊ शकतं? आणि कोणाला?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'मला' एवढंच नसतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या रस्त्यांच्या कडेने उजाडण्याआधीच बाया, पोरं, म्हातारी माणसं पानं तोडायला निघालेली असतात. त्याआधीच्या दिवसांत मोहफुलं वेचणारेही असेच अंधारात बाहेर पडतात. हेडलाइटच्या उजेडात एखादं लुगडं, एखाद्या सायकलचं चाक चमकून जातं. आपल्या गाडीचे टायर कितव्या सालचे आहेत, हे त्यांना ठाऊक असायचं काही कारण नाही. त्यांना कोणी विचारलेलंही नाही.